सरकारने बांधलेला राजवाडा



रत्नागिरीत कोणाकडे पाहुणा आला म्हणजे त्याला दाखवावयाची ठिकाणे ठरलेली असतात. भाट्याचा किनारा, रत्नदुर्ग, टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान, पतितपावन मंदिर आणि थिबा राजवाडा. पहिल्या चार ठिकाणी पाहुणा काही ना काही विचारतो. राजवाड्यापाशी मात्र तो "वा, काय वाडा आहे!" एवढेच म्हणतो, दोनचार फोटो काढतो आणि सूर्यास्त चुकू नये म्हणून घाईघाईने थिबा पॉइंटकडे वळतो. जुनी सरकारी इमारत पाहावयास जाणाऱ्याने ती कशी पाहावी, हा आजचा माझा विषय आहे. उदाहरण म्हणून मी आपल्या घरचीच इमारत घेतली आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण काही कारखान्यांच्या फाटकाशी आणि काही नगर वाचनालयाच्या बाकावर झाले. संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला एक सवय जडते. समोर कोणताही करार ठेवा, तो चार गोष्टी विचारल्याखेरीज सही करीत नाही. हे कोणी ठरविले? पैसा कोणाचा? किल्ली कोणाच्या हाती? आणि राबणार कोण? हेच चार प्रश्न घेऊन आपण राजवाड्यात जाऊ.

आरंभ नावापासून करू. राजवाडा म्हणजे राजाने बांधलेला किंवा निदान राजाच्या मालकीचा वाडा, असा आपला समज असतो. ही इमारत राजाने बांधलेली नाही आणि एक दिवसही त्याच्या मालकीची नव्हती. ती ब्रिटिश सरकारने बांधली, १९१० साली पुरी झाली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा आपल्या कुटुंबासह येथे राहावयास आला. तोवर त्याला रत्नागिरीत येऊन चोवीस वर्षे लोटली होती. ती सारी वर्षे त्याने सरकारने दिलेल्या बंगल्यांतून काढली. नव्या वाड्यात तो जेमतेम सहा वर्षे राहिला आणि डिसेंबर १९१६ मध्ये तेथेच वारला. म्हणजे ज्या वास्तूला आपण त्याचा राजवाडा म्हणतो, तिच्यात त्याने आपल्या रत्नागिरीच्या मुक्कामातला पाचवा हिस्साच घालविला. पूर्वी सरकारी आणि नंतरही सरकारी, अशी ही इमारत आहे. मधल्या सहा वर्षांत तिच्यात एक बंदी राहिला, आणि त्या बंद्याच्या हुद्द्यावरून तिला नाव पडले.

आता हा राजा येथे आला कसा? यासाठी वाड्याच्या लाकडापाशी थांबावे लागते. अर्धवर्तुळाकार खिडक्या, त्यांवरील नक्षी, रंगीत काचा, सागवानी काम हे सारे प्रवासी कौतुकाने पाहतात. पाहावेच. परंतु सागवान पाहताना हेही ध्यानात ठेवावे की, या राजाचे राज्य गेले ते सागवानाच्या तंट्यावरून. मुंबईत १८६३ साली वॉलेस बंधूंनी 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' नावाची कंपनी काढली. वरच्या ब्रह्मदेशातील जंगलांतून सागवानाचे ओंडके काढण्याचा तिचा मक्ता होता. नेलेल्या ओंडक्यांची संख्या कंपनीने कमी दाखविली आणि जंगलात राबणाऱ्यांचे पैसे थकविले, असा आरोप ठेवून थिबाच्या दरबाराने १८८५ साली तिला तेवीस लाख रुपयांचा दंड ठोठावला. दरबाराचा निवाडा न्याय्य होता की नाही यावर वाद झाला आणि आजही होतो. मला येथे दिसते ते असे की, हिशेबाचा हा तंटा हिशेबाच्या वहीत मिटला नाही. फ्रेंच लोक मंडालेच्या दरबारात पाय रोवतील ही धास्ती इंग्रजांना होतीच. त्यांना निमित्त हवे होते, ते सापडले. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्यास इरावती नदीतून आगबोटींतून फौज निघाली, आणि पंधरवड्याच्या आत मंडाले पडले. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजा आणि राणी सुपायालत यांना बैलगाडीतून नदीकाठी नेऊन आगबोटीवर चढविण्यात आले.

पैसा कोणाचा, हा आपला दुसरा प्रश्न. फौजेत गोऱ्यांबरोबर हिंदी शिपायांच्या पलटणी होत्या. मोहीम हिंदुस्थान सरकारने काढलेली होती, म्हणजे तिच्यामागे येथील रयतेचा शेतसारा आणि मिठावरचा कर होता. हे त्या काळच्या लोकांना कळत नव्हते असे नाही. त्याच डिसेंबरच्या अखेरच्या चार दिवसांत मुंबईस गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत बहात्तर प्रतिनिधी जमले आणि राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. त्या पहिल्याच अधिवेशनात वरचा ब्रह्मदेश खालसा करण्याविरुद्ध ठराव झाला. अधिवेशन ३१ डिसेंबरला संपले आणि दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १८८६ रोजी, व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांचा जाहीरनामा निघून ब्रह्मदेश खालसा झाला. योगायोग असा की, तो थिबाचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

त्याला आधी मद्रासेस ठेवले आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणले. रत्नागिरीच का? आपल्या गावाचे जे जे दुःख, ते ते सरकारच्या सोयीचे होते. आगगाडी नाही, ती यावयास पुढे शंभरावर वर्षे लागली आणि १९९८ साली कोकण रेल्वेचा सबंध मार्ग खुला झाला. मागे सह्याद्रीची भिंत, पुढे समुद्र, आणि पावसाळ्याचे चार महिने आगबोटही बंद. ब्रह्मी माणूस आसपास औषधालाही नाही. गाव म्हणजेच कारागृह, अशी ही निवड होती. पुढे १९२४ साली याच जिल्ह्यात सावरकरांना स्थानबद्ध करून ठेवले, तेव्हाही हिशेब फारसा निराळा नसावा.

तिसरा प्रश्न किल्लीचा. मला विचाराल तर सगळ्या जुन्या इमारती पाहताना हाच प्रश्न मुख्य आहे. घर कोणाचे, हे दिवाणखान्याच्या लांबीरुंदीवरून ठरत नाही. बाहेरच्या फाटकाची किल्ली कोणाजवळ आहे, यावरून ठरते. राजावर देखरेख करण्यास सरकारचा खास पोलीस अधिकारी नेमलेला होता. कोण भेटावयास येतो, काय पत्र जाते, बाहेर फिरावयास कोठवर जावयाचे, यांवर त्याची नजर होती. तनखा सरकार देई आणि तो पुरत नसे. मंडालेहून आणलेली माणके एकामागून एक विकली गेली आणि देणी वाढत गेली. आपले एक मौल्यवान माणिक शरणागतीच्या रात्री सांभाळावयास म्हणून इंग्रज अधिकाऱ्याकडे दिले ते परत आले नाही, ही तक्रार राजा अखेरपर्यंत करीत राहिला. त्याच्या चार मुली बंगल्याच्या आवारात वाढल्या. धाकटी तर १८८७ साली रत्नागिरीतच जन्मली. त्यांना ना शाळा, ना बरोबरीचे सोबती, ना वेळेवर स्थळ. वाड्याच्या पश्चिमेकडील खिडकीत उभे राहिले की खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे समुद्र दिसतो. प्रवासी म्हणतो, काय देखावा आहे! देखावा आहे खरा. परंतु त्या पाण्यावरून आपल्याला जाता येणार नाही हे ठाऊक असलेल्या माणसाने तो रोज पाहिला होता.

मग सरकारने एवढी इमारत बांधली कशाला? कैद्याला साधा बंगला पुरला नसता का? माझे मत असे की, ही वास्तू राजाच्या सुखासाठी होती त्याहून अधिक सरकारच्या अब्रूसाठी होती. राज्य हिरावले, तरी आम्ही राजाला राजासारखे ठेवतो, हे जगाला दाखविण्याची ती सोय होती. असे अन्यत्रही घडले आहे. पुण्यास १९४२ साली गांधीजींना आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. नाव पॅलेस, परंतु महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांनी तेथे बंदिवासातच देह ठेवला. तेव्हा इमारतीचे नाव हे पुष्कळदा बांधणाऱ्याने दिलेले प्रशस्तिपत्र असते, आणि प्रवाशाने ते तपासून घ्यावे.

आता मी आपल्याला थोडा वेळ मंडालेस नेतो, कारण रत्नागिरीचा हा वाडा तेथील वाड्याशेजारी ठेवल्याखेरीज पुरा कळत नाही. थिबाचा खरा राजवाडा मंडालेच्या तटबंदीच्या आत होता आणि तो लाकडाचा होता. इंग्रजांनी त्या किल्ल्याला फोर्ट डफरिन हे नाव दिले. राजा राज्य करी त्या महालांत साहेब लोकांचा क्लब भरू लागला. पुढे १९०१ साली लॉर्ड कर्झन यांनी वास्तू जतन करण्याच्या विचाराने क्लबाला तेथून हलविण्याचे हुकूम दिले. त्याच तटबंदीच्या आत एक तुरुंग होता. १९०८ च्या जुलैत राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झालेले लोकमान्य टिळक त्या तुरुंगात गेले आणि १९१४ च्या जूनपर्यंत तेथे राहिले. आता तारखा जुळवून पाहा. १९१० च्या अखेरीस मंडालेचा राजा रत्नागिरीच्या नव्या वाड्यात राहावयास आला. त्याच हिवाळ्यात, रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या किल्ल्यात बसून 'गीतारहस्य' लिहीत होते. एका सरकारने दोन गावांचे दोन माणसे अदलाबदल केल्यासारखे एकमेकांच्या गावी कोंडले होते. टिळक आळीतील घर आणि थिबा राजवाडा आपण पाहुण्याला एकाच दिवशी दाखवितो, पण या दोन वास्तूंमधला हा दुवा दाखवीत नाही.

माझ्या व्यवसायामुळे मला आणखी एक दुवा दिसतो. टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी संप केला. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवसांचा संप, असे ते गणित होते. लष्कराच्या गोळीबारात माणसे मेली. रशियाचे लेनिन यांनी त्याच वर्षी लिहिलेल्या लेखात या संपाची दखल घेतली. हे कामगार होते कोण? १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरण्यांतले जवळजवळ निम्मे कामगार रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते, आणि त्या वेळी सिंधुदुर्गाचा बराचसा भाग आपल्यातच होता. म्हणजे ज्या जिल्ह्यात राजा कोंडला होता, त्याच जिल्ह्यातील माणसे पोटासाठी आगबोटीने मुंबईस जात होती. आणि ज्या मुंबईतील कंपनीने राजाला राज्य गमावावयास लावले, त्याच मुंबईत राबून तोंडावर पांघरूण घेत चाळीत निजत होती. माझे वडील त्यांच्याच वंशातले. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच, आणि ते गावी परतले. राजाचा इतिहास आणि कामगारांचा इतिहास ही दोन पुस्तके नव्हेत, हे मला अशा वेळी पटते.

यावरून कोणी असे समजू नये की, मी थिबाला प्रजेचा कैवारी ठरवीत आहे. तो १८७८ साली गादीवर आला आणि पुढल्याच वर्षी गादीवर हक्क सांगू शकतील अशा कितीतरी राजपुत्रांची व राजकन्यांची, लहान मुलांसकट, कत्तल झाली. त्याने स्वतः हुकूम दिला की राणीने आणि तिच्या आईने घडवून आणले, यावर बोलता येईल. पण राज्य त्याचे होते. इंग्रजांनी या कत्तलीचा गवगवा आपल्या स्वारीचे समर्थन म्हणून केला, तोही खराच. धन्याने धन्याला लुटले म्हणून लुटलेला धनी साधू होत नाही. तथापि ब्रह्मी शेतकरी राजा गेल्यावरही कित्येक वर्षे जंगलांतून इंग्रजांशी लढत राहिला, ही गोष्टही विसरता कामा नये. तो राजासाठी जेवढा लढला, तेवढाच आपल्या गावासाठी आणि आपल्या भिक्षूंच्या मठासाठी लढला.

शेवटचा प्रश्न: राबले कोण? वाडा जांभ्या दगडाचा आहे. चिरा खाणीतून कसा निघतो हे कोकणच्या माणसाला सांगावयास नको. त्या काळी यंत्र नव्हते. एकेक चिरा हाताने तासावयाचा, डोक्यावरून किंवा गाडीने टेकडीवर न्यावयाचा, चुना कालवावयाचा, वाशांवर कौले चढवावयाची. पावसाळ्यात काम थांबले की मजुरीही थांबली. पाथरवट, गवंडी, सुतार, पाणी वाहणाऱ्या बाया या साऱ्यांचे हात त्या भिंतीत आहेत. वाड्यात प्रवेश केल्यावर त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला भेटत नाही. राजाच्या नोकरवर्गातले एकच नाव सामान्य प्रवाशाला ठाऊक असते, ते गोपाळ सावंत या दरवानाचे. तेही त्याने किती वर्षे फाटक सांभाळले म्हणून नव्हे. राजाच्या थोरल्या मुलीचे त्याच्यावर प्रेम बसले म्हणून. राजाचे कुटुंब १९१९ साली ब्रह्मदेशास परत गेले, पण ही थोरली राजकन्या रत्नागिरीस परत आली आणि येथेच वारली. तिची मुलगी, म्हणजे मंडालेच्या राजाची नात, आपल्या गावात मराठी बोलत, संसाराचे कष्ट उपसत जगली. पर्यटकांना हे ऐकताना गंमत वाटते. मला वाटते की, ज्या फाटकाने राजाला आत कोंडले, ते फाटक सांभाळणाऱ्या माणसाच्या घरातच त्याच्या वंशाला रत्नागिरीत ठिकाण मिळाले, यात हसण्यासारखे काही नाही.

नावे हरवण्याची ही रीत जुनी झाली असे मात्र नाही. एका सरकारी कचेरीत सतरा वर्षे झाडलोट करणाऱ्या एक बाई आमच्या संघटनेकडे आल्या. त्या सतरा वर्षांत ठेकेदार पाच बदलले. प्रत्येकाने नवा कागद केला, म्हणून प्रत्येक वेळी बाई कामावर नव्या ठरल्या. कचेरीत साहेब आले, गेले. भिंतीवरच्या फलकावर प्रत्येकाचे नाव आणि तारखा रंगविलेल्या आहेत. बाईंचे नाव हजेरीपटावरही नव्हते. "साहेब, मी इथं होते एवढं तरी कुठं लिहिलेलं असंल का?" असे त्यांनी विचारले. भरपाईचा प्रश्न पुढे तडजोडीने सुटला, अर्धामुर्धा. पण तो मूळ प्रश्न माझ्याजवळ राहिला आहे. जुन्या इमारतीत गेलो की मी तो भिंतींना विचारतो.

राजा गेल्यानंतर इमारत निरनिराळ्या सरकारी कामांना लागली. आज ती राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि तेथे वस्तुसंग्रहालय आहे. मंडालेचा मूळ लाकडी वाडा १९४५ च्या मार्चमध्ये लढाईच्या आगीत जळून गेला. आज तेथे दिसतो तो पुन्हा उभारलेला. म्हणजे खरा राजवाडा भस्म झाला आणि बंदिवासाचे घर उभे राहिले. रत्नागिरीच्या माणसावर यामुळे एक जबाबदारी येते. ब्रह्मदेशच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, शेवटच्या राजाचे राहते घर पाहावयाचे असेल तर त्या देशाच्या माणसाला आपल्याकडे यावे लागते. डिसेंबर २०१२ मध्ये त्या देशाचे अध्यक्ष थेन सेन शिवाजीनगरातील थिबाच्या समाधीपाशी येऊन गेले. तेथे राजा आणि धाकटी राणी सुपायागले यांच्या समाध्या आहेत. आपल्या देशाचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर १८६२ पासून रंगूनमध्ये पडून आहे, आणि आपले मोठे लोक तेथे जाऊन फुले वाहतात. दोन देशांनी एकमेकांची अशी ठेव सांभाळली आहे. ठेव सांभाळणाऱ्याने तिचा हिशेब बरोबर ठेवला पाहिजे.

तो हिशेब ठेवण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. वाडा पाहावयास जाताना घाई करू नये. आधी फाटकापाशी उभे राहावे आणि पाहुण्याला सांगावे की, याची किल्ली आत राहणाऱ्याजवळ नव्हती. मग एखाद्या चिऱ्यावर हात ठेवून तो कोणी तासला असेल ते मुलांना विचारावे. खिडकीतले सागवान दाखवून ओंडक्यांची आणि दंडाची गोष्ट सांगावी. वर जाऊन खाडीकडे पाहताना मंडालेच्या तुरुंगातल्या रत्नागिरीकराची आठवण करून द्यावी. आणि खाली उतरताना, जो कोणी तेथे केर काढीत किंवा पहारा करीत असेल, त्याला नाव विचारावे आणि नमस्कार करावा. एवढे करूनही सूर्यास्त चुकत नाही. थिबा पॉइंट तेथून जवळच आहे.